पहिल्या अल्बमवर दुसऱ्यांची छाप: नक्कल नेमकी कुठे ऐकू येते?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. चौघांचा रॉक बँड आहे, सगळे विशीच्या आसपासचे. नऊ गाणी तयार आहेत आणि पहिला अल्बम रेकॉर्ड करायचा आहे. डेमो ज्याला ऐकवावा तो म्हणतो, ‘अरे, हे तर लेड झेपेलिन!’ म्हणून तीन गाण्यांचे कॉर्ड बदलले, एक रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वरसमूह) टाकून दिला, तरी शेरा तोच. त्यात बँडमध्ये चार तऱ्हा. गायक सत्तरच्या दशकातल्या हार्ड रॉकवर वाढलेला, गिटारिस्ट ग्रंजवाला, बेसिस्ट फंक ऐकणारा आणि ड्रमर मेटलचा भक्त. आणि शेवटी, कोणी चोरीचा आळ घेईल का, ही धास्ती.

मी रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. माझ्याकडे येणाऱ्या कामात नवख्या बँडचे पहिले अल्बम बरेच असतात, आणि हा प्रश्न त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला पडतो. तुमचं निदान चुकलंय, म्हणून औषध लागू पडत नाही. कॉर्ड ऐकून कोणी ‘झेपेलिन’ म्हणत नाही. ऐकणाऱ्याच्या कानात सगळ्यात आधी शिरतो तो गळा. मग ड्रम्सचा आवाज आणि वजन. मग गिटारचा टोन. रिफ त्यानंतर, आणि कॉर्ड तर बहुतेकांना ऐकूच येत नाहीत. तुम्ही सगळी डागडुजी शेवटच्या थरावर केलीत आणि पहिला थर होता तसाच ठेवलात.

ग्रेटा व्हॅन फ्लीटचं उदाहरण घ्या. तीन भाऊ आणि एक ड्रमर, वयाने तेव्हा तुमच्याएवढेच. २०१८ साली त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला, त्याच्या आधीच्या छोट्या रेकॉर्डला पुढे ग्रॅमीही मिळालं, आणि तरी समीक्षकांनी झेपेलिनची नक्कल म्हणून त्यांची यथेच्छ धुलाई केली. माझं मत विचाराल तर त्यांच्या गिटारमध्ये जेवढं उसनं आहे असं म्हणतात तेवढं नाही. पण गायक वरच्या पट्टीत, ताणून, झेपेलिनचा गायक रॉबर्ट प्लांटच्या वळणाने पहिली ओळ गातो आणि तिथेच निकाल लागतो. पुढे गिटारवाल्याने काहीही वाजवलं तरी ऐकणारा ते त्याच चष्म्यातून ऐकतो.

म्हणजे प्रभाव पुसायचे का? अजिबात नाही. पहिल्या अल्बमवर दुसऱ्यांची छाप नसेल तर मला उलट शंका येते. बीटल्सच्या १९६३ सालच्या पहिल्या अल्बममध्ये चौदा गाणी होती, त्यातली सहा दुसऱ्यांची. रोलिंग स्टोन्सच्या १९६४ च्या पहिल्या अल्बमवर जॅगर आणि रिचर्ड्स या जोडीच्या नावाचं एकच गाणं आहे, बाकी बहुतेक सगळा अमेरिकन ब्लूज आणि रिदम अँड ब्लूज. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम म्हणजे हेवी मेटलची गंगोत्री मानतात, त्यातही दोन गाणी दुसऱ्या बँडची आहेत. निर्वाणाने १९८९ च्या ‘ब्लीच’मध्ये शॉकिंग ब्लू या डच बँडचं गाणं घेतलं. कोणाचं काही बिघडलं नाही. आपल्याकडे घराण्यात शिकणारा कितीतरी वर्षं गुरूसारखंच गातो आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. प्रश्न त्याने स्वतःची मैफल लावल्यावर सुरू होतो. तुमचा अल्बम ही तुमची मैफल आहे.

आता गळ्याचंच आधी बोलू, कारण तुमच्या तक्रारीचा मोठा हिस्सा तिथेच आहे.

तुमच्या डेमोतल्या बहुतेक गाण्यांची पट्टी ई किंवा ए आहे. हे गायकाने ठरवलेलं नाही, गिटारने ठरवलंय. खालच्या मोकळ्या तारा त्या स्वरांत असतात, रिफ तिथे सहज बसतो, म्हणून गाणं तिथे बांधलं गेलं. मग गायकाला दोनच वाटा उरतात: खालच्या सप्तकात पुटपुटायचं किंवा वरच्या सप्तकात किंचाळायचं. त्याला किंचाळता येतं म्हणून तो किंचाळतो, आणि किंचाळताना जे उच्चार, जे हेलकावे, जी ‘ओऽऽ बेबी’ची ढब तोंडात येते ती त्याच्या आवडत्या गायकाची असते. इथे त्याची आवड दुय्यम आहे. पट्टीने त्याला त्या कोपऱ्यात ढकललंय.

असाच एक गायक माझ्याकडे आला होता. गाणं ई मायनरमध्ये, कडवंसुद्धा वरच्या सप्तकात. सगळे टेक सुरात होते, आणि सगळे दुसऱ्याचेच वाटत होते. शेवटी गिटारचा ट्रॅक तसाच ठेवून मी त्याला कडवं खालच्या सप्तकात, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणायला सांगितलं, मायक्रोफोनपासून चार बोटांच्या अंतरावर उभं राहून. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या तोंडाशी गेलं की आवाजातला खर्ज आपोआप फुगतो, त्यामुळे हळू गायलेलंही भरदार लागतं. हेडफोनमध्ये त्याचा स्वतःचा आवाज मी मुद्दाम थोडा वाढवला, कारण आवाज कमी ऐकू आला की गायक जोर लावतो. तिसऱ्या ओळीपाशी त्याच्या घशात एक बारीक खरखर आली, बोलताना त्याला नेहमी येते तशी. ड्रमर काचेपलीकडे बसला होता, तो म्हणाला, ‘हा आपला पक्या!’ बस. वरचं सप्तक आम्ही फक्त शेवटच्या मुखड्यासाठी राखून ठेवलं. तिथे तो प्लांटसारखा वाटला तरी हरकत नव्हती, कारण तोवर ऐकणाऱ्याची त्याच्याशी ओळख झाली होती.

तुम्हीही हेच करा. प्रत्येक गाणं एका साध्या गिटारवर, गायकाच्या बोलण्याच्या आवाजाजवळची पट्टी शोधून, एकदा गाऊन बघा. पट्टी बदलल्याने रिफ मोडत असेल तर कॅपो (तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावा, तारा अर्धा-एक स्वर उतरवा, नाहीतर कडव्यात रिफ गप्प ठेवा. आणि उच्चार स्वतःचे ठेवा. आर्क्टिक मंकीजचा पहिला अल्बम २००६ मध्ये आला तेव्हा ब्रिटनमध्ये बँडच्या पदार्पणाच्या अल्बमसाठी पहिल्या आठवड्यातल्या विक्रीचा उच्चांक झाला. त्यात गिटारचं काम चांगलंच आहे, पण लक्षात राहतो तो शेफील्डच्या बोलीतला गळा. इंग्रजी रॉक गाताना अमेरिकन सूर लावायची जी रूढी पडली होती, ती त्यांनी सरळ बाजूला ठेवली.

पुढचा थर ड्रम्स. इथे तुमचा ड्रमर मेटलचा आहे म्हणता, आणि तरी डेमोत तो झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम व्हायला बघतोय, कारण बाकीच्यांनी त्याला तसं सांगितलंय. हे थांबवा. झेपेलिनच्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं ऐकलंत तर बास ड्रमवर त्रिपदी चालीतले झपाझप जोडठोके ऐकू येतात. ते एका पायाने, एकाच पेडलवर वाजवलेले आहेत. तो आवाज नुसत्या मोठ्या ड्रम्समुळे येत नाही. ध्वनिमुद्रण ग्लिन जॉन्स यांचं होतं, आणि मोजके मायक्रोफोन लावून, स्नेअरपासून (कडक ठोक्याचा मधला ड्रम) समान अंतरावर दोन मायक्रोफोन धरून ड्रम्स टिपायची पद्धत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अंतर समान का? स्नेअरचा ठोका दोन्हीकडे एकाच क्षणी पोचावा, नाहीतर लहरी एकमेकींना खातात आणि ठोका पातळ होतो. तुम्हाला तो खोलीचा गुंजारव हवा असेल तर तशी खोली आणि तसा हलका-जड हात दोन्ही लागतात. तुमच्या ड्रमरचा हात एकसारखा, नेमका, घट्ट आहे. त्याला छोट्या, कोरड्या खोलीत जवळच्या मायक्रोफोनने टिपा. बाकी तिघे सत्तरच्या दशकातलं वाजवत असले तरी अल्बम त्या दशकातून बाहेर पडेल.

गिटारबाबत एक शास्त्रीय गोष्ट सांगतो, म्हणजे विनाकारण अपराधी वाटणार नाही. ‘आमचे पॉवर कॉर्ड ग्रंजसारखे वाटतात’ असं तुम्ही लिहिलंय. पॉवर कॉर्ड म्हणजे फक्त षड्ज आणि पंचम, गंधार गायब. ॲम्प्लिफायरमध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा फाटलेपणा, वाढवलं की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी होऊन नवे स्वर उपजतात. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३. त्यांची वजाबाकी १, म्हणजे मूळ षड्जाच्या बरोबर एक सप्तक खाली. म्हणून पॉवर कॉर्ड आहे त्यापेक्षा जाड वाटतो. गंधार घातला की गडबड होते, कारण गिटारच्या फ्रेटवर शुद्ध गंधार नैसर्गिक जागेपेक्षा सुमारे १४ सेंट चढा पडतो, पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरतो. १०० सेंट म्हणजे अर्धा स्वर. डिस्टॉर्शनमध्ये ते १४ सेंट चांगलेच खटकतात. तेव्हा हार्ड रॉक, पंक, मेटल, ग्रंज सगळीकडे पॉवर कॉर्ड आहेत ते भौतिकशास्त्रामुळे. ते प्रभावाच्या खात्यात लिहू नका. गंधार हवाच असेल तर गेन (डिस्टॉर्शन वाढवणारं बटण) निम्म्यावर आणा, कॉर्ड एकदम कळेल. बहुतेक तरुण गिटारिस्ट गेन गरजेच्या दुप्पट ठेवतात, आणि त्याने सगळे बँड एकसारखे वाटू लागतात हा माझा जुना राग आहे. असो.

चार जणांच्या चार आवडी ही तुम्हाला अडचण वाटते, मला ती तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम पुन्हा बघा, फेब्रुवारी १९७० मध्ये आलेला. वाजवणं बहुतेक सगळं आधीच्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात, एकत्र बसून उरकलेलं. ड्रमर बिल वॉर्ड जॅझवर पोसलेला. बेसिस्ट गीझर बटलरला गुस्ताव होल्स्टच्या वाद्यवृंदरचनांची गोडी. ‘मार्स’ त्याने बेसवर छेडलं आणि त्यातून गिटारिस्ट टोनी आयोमीला शीर्षकगीताच्या रिफची दिशा मिळाली. तो रिफ म्हणजे षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. तीनच स्वर, संथ लयीत. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती, आणि तो डावखुरा असल्याने तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं बनवली, हलक्या तारा लावल्या. पुढे १९७१ पासून तारा तीन अर्धस्वर उतरवून ढिल्या केल्या. हात भाजलेला असतानाही जॅझ गिटारिस्ट जॅंगो राइनहार्ट वाजवत राहिला होता, हे कळल्यावर आयोमीला उभारी मिळाली होती. जॅझ, होल्स्ट, ब्लूज आणि अधू बोटं या चार गोष्टी एकत्र आल्यावर जे झालं ते त्या चारांपैकी कशासारखंच नव्हतं.

गंमत अशी की तुम्ही एकमत करायला निघालात. म्हणजे चौघांनी मिळून झेपेलिन व्हायचं! मी सांगेन, एका गाण्यात दोन वाद्यांनी एकाच बँडकडून उसनं घ्यायचं नाही, एवढाच नियम करा. गिटारचा रिफ ब्लूज-रॉकचा असेल तर बेसने फंककडे जावं, रिफच्या मागे सुरासूर न धावता त्यातल्या फटी भराव्यात. बेस रिफला चिकटलाच असेल तर ड्रम्सनी वेगळी चाल धरावी. सरावाच्या वहीत प्रत्येक गाण्यासमोर चार रकाने आखा, गळा, गिटार, बेस, ड्रम्स, आणि प्रत्येकात प्रामाणिकपणे लिहा की हे कुठून आलंय. एकच नाव दोन रकान्यांत आलं तर त्यातलं एक वाद्य बदला. नऊपैकी पाच-सहा गाणी एवढ्यानेच सुटतील.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रभावाचं वाद्य बदलणं. रेज अगेन्स्ट द मशीनचा १९९२ चा पहिला अल्बम ऐका. त्यात टर्नटेबल घासल्यासारखे आवाज येतात, पण सॅम्पल, कीबोर्ड किंवा सिंथेसायझर काहीही वापरलेलं नाही असं त्यांनी वेष्टणावरच छापलं होतं. त्यांचा गिटारिस्ट टॉम मोरेलो ते गिटारवर काढतो: एका पिकअपचा (तारांचं कंपन टिपणारा गिटारमधला भाग) आवाज शून्यावर ठेवायचा, दोन पिकअपमधला स्विच हलवत आवाज तोडायचा आणि दुसऱ्या हाताने तारा घासायच्या. हिप-हॉपच्या डीजेकडून घेतलेली गोष्ट गिटारमधून आली की तिला कोणी नक्कल म्हणत नाही. तुमच्या बेसिस्टला आवडणारी फंकमधली ब्रासची तुटक फेक गिटारिस्टने वाजवून बघावी. ड्रमरच्या मेटलमधली दोन्ही पायांनी वाजवलेल्या बास ड्रमची घरघर बेसवर पिकने काढून बघा.

आणि मूळ शोधा. तुम्हाला झेपेलिन आवडतात, ठीक. त्यांना काय आवडत होतं? त्यांच्या पहिल्या अल्बमवर ब्लूजचा गीतकार विली डिक्सनची दोन गाणी आहेत. बेसिस्ट जॉन पॉल जोन्सवर मोटाउन या अमेरिकन सोल संगीताच्या रेकॉर्ड कंपनीची छाप आहे. एक गाणं त्यांनी जोन बाएझच्या रेकॉर्डवरून उचललं, मूळ ॲन ब्रेडनचं, आणि तिचं नाव श्रेयात यायला १९९० उजाडलं. थेट झेपेलिनमधून घेतलंत तर आधीच गाळलेलं मिळेल. डिक्सन आणि मोटाउन ऐकून तुम्ही स्वतः जे गाळाल ते वेगळं निघेल, कारण चाळणी तुमची असेल.

कायद्याचं थोडक्यात. कॉर्डची मालिका, ताल, शैली यांच्यावर सहसा कोणाचा हक्क चालत नाही. चाल, शब्द आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण यांच्यावर चालतो. पण सीमारेषा धूसर आहे. रेडिओहेडच्या १९९३ च्या पहिल्या अल्बममधलं ‘क्रीप’ घ्या. त्यातल्या कॉर्ड आणि चालीचं ‘द एअर दॅट आय ब्रीद’ या जुन्या गाण्याशी इतकं साम्य निघालं की अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावं गीतकारांत घालावी लागली. झेपेलिनवरही हा प्रसंग आला: ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’वर जेक होम्स २०१० मध्ये कोर्टात गेला, तडजोड झाली आणि नंतरच्या प्रकाशनांत त्याचं नाव आलं. दुसरीकडे ‘स्टेअरवे टू हेवन’च्या खटल्यात २०१६ साली ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला, अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणाऱ्या (क्रोमॅटिक) ओळीसारख्या सर्वसामान्य गोष्टी कोणा एकाच्या मालकीच्या नसतात हा तिथला महत्त्वाचा मुद्दा. तुमच्यापुरतं सांगायचं तर चाल गुणगुणा, एखाद्या जुन्या गाण्याचे शब्द त्यावर आपोआप बसतात का बघा. बसत असतील तर ती चाल बदला. दुसऱ्याचं गाणं घेणार असाल तर परवानगी काढा आणि श्रेय पहिल्या दिवसापासून द्या. कोणाच्या रेकॉर्डचा तुकडा वापरायचा असेल तर दोन परवानग्या लागतात, रचनेची वेगळी आणि ध्वनिमुद्रणाची वेगळी. तपशील देशागणिक बदलतो, तेव्हा जाणकार वकिलाला एकदा दाखवा.

पैशांची काळजी दिसली तुमच्या लिहिण्यात. ‘ब्लीच’चं रेकॉर्डिंग ६०६ डॉलर १७ सेंटमध्ये झालं. बीटल्सनी त्यांच्या पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात वाजवली. दोन्ही बँड स्टुडिओत शिरण्याआधी ती गाणी मंचावर वाजवून वाजवून अंगवळणी पडलेले होते, हे मात्र विसरू नका. स्टुडिओत बसून मांडणी ठरवणं हा सगळ्यात महाग सराव आहे. चौघे एकत्र वाजवा, मूळ ट्रॅक एकत्रच घ्या, गळा आणि एखादी जादा गिटार नंतर चढवा.

मिक्सिंगसाठी इंजिनिअरला नमुना गाणी द्यायची पद्धत आहे. तिथे पुन्हा तोच घोटाळा होतो. बँड एकाच आवडत्या अल्बमची तीन गाणी देतो आणि मग मिक्सही तसंच उतरतं. ड्रम्ससाठी एक, गळ्यासाठी दुसरं, खर्जाच्या आवाजासाठी तिसरं, असे वेगवेगळ्या काळातले नमुने द्या. त्यातला एक तरी रॉक नसावा.

गाण्यांचा क्रम हा शेवटचा मुद्दा, पण तुमच्या बाबतीत मोठा. डेमोत तुम्ही सगळ्यात जोरकस, म्हणजे सगळ्यात जास्त झेपेलिनसारखं गाणं पहिलं ठेवलंय. त्यामुळे बाकीची आठही त्याच खात्यात जमा होतात. चौथं गाणं, बेसने सुरू होणारं, ज्यात गायक पहिलं मिनिटभर खालच्या सप्तकात आहे, ते पहिल्या जागी आणा. जोरकस गाणं पाचवं किंवा सहावं ठेवा. आणि डेमो पुन्हा कोणाला ऐकवाल तेव्हा आधी बँडची आवड-निवड सांगत बसू नका, नुसतं गाणं लावा आणि विचारा की यात कोण कोण ऐकू येतं. तिघांनी तीन वेगळी नावं घेतली की स्टुडिओची तारीख घ्या.